टॉप्सची चार पाकिटं : तीन २०२५ची, एक १९८७चं

"आई, घाई करू नकोस. मेणकागदाचं सगळ्यात शेवटी फोड." लेकीच्या चिठ्ठीत एवढंच होतं आणि चिठ्ठीखाली बबल रॅपमध्ये गुंडाळलेली बेसबॉल कार्डांची चार पाकिटं. वाढदिवसाला ती शिकागोहून फोन करते, फार तर फुलं पाठवते. असलं काही येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून, हात धुऊन कोरडे करून मी बसले. एवढ्याशा कार्डांना पाऊण तास लागला. तो पाऊण तास फार सुखाचा गेला, म्हणून हे लिहायला घेतलं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांनी बिग फन आठवावं. च्युइंग गमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रं यायची, मागे रन नाहीतर विकेट छापलेल्या. मिरजेला दादाने ती पत्र्याच्या डब्यात जमवली होती. चांगली सगळी त्याची, डबल आलेली तेवढी माझी. बेसबॉल कार्डं त्याच जातकुळीतली, फक्त वयाने कितीतरी मोठी. टॉप्स ही कंपनी १९३८ साली ब्रुकलिनमध्ये गम विकायला निघाली, कार्डं मागाहून आली. १९५२चा तिचा संच साय बर्गर यांनी आखला. त्यातला न खपलेला माल काही वर्षं गोदामात पडून होता, तो शेवटी १९६० साली न्यू जर्सीजवळच्या समुद्रात नेऊन टाकला. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं.

आधी नवी पाकिटं. ही २०२५ची सिरीज वन. सिरीज वन, म्हणजे वर्षाचा पहिला संच, सहसा फेब्रुवारीत येते आणि २०२५च्या संचात ३५० बेस, म्हणजे साधी मूळ कार्डं आहेत. पाकीट चकचकीत, वरच्या शिवणीवर ओढलं की फर्रकन उघडतं. आतून शाईचा आणि कोऱ्या पुठ्ठ्याचा वास येतो, जूनमध्ये नव्या वह्या यायच्या तसा. कार्डं गुळगुळीत, फोटो इतके स्वच्छ की बूटांना लागलेली लाल माती दिसते. पहिल्या पाकिटात वॉशिंग्टनच्या जेम्स वूडचं रूकी कार्ड, म्हणजे नव्या खेळाडूचं पहिलं कार्ड, निघालं, कोपऱ्यात 'आरसी'चं छोटं चिन्ह असलेलं. २०२२ साली वॉशिंग्टनचा स्टार हुआन सोटो याला सॅन डिएगोने घेतलं, तेव्हा त्याच्या बदल्यात जी पोरं वॉशिंग्टनला गेली त्यातला हा एक. असं काही ठाऊक असलं की कार्ड हातात जरा जास्त वेळ राहतं.

दुसऱ्या पाकिटात १९९०च्या डिझाइनचं एक कार्ड होतं, रंगीत ठिपक्यांच्या कडेचं. त्या डिझाइनला ३५ वर्षं झाली म्हणून २०२५मध्ये ती पुन्हा छापलीत. त्याच्याखाली मिनेसोटाच्या एका पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, सोनेरी कार्ड. अशी प्रत्येक खेळाडूची २०२५च असतात, वर्ष तितकी संख्या, आणि प्रत्येकावर त्याचा क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक मी खिडकीशी जाऊन उजेडात तिरपा धरून वाचला. त्या पिचरचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, आता विसरणार नाही.

नव्या मालाबद्दल मनापासून एक सांगते. एकाच खेळाडूचं एकच कार्ड इतक्या रंगांत येतं की यादी डोक्यात राहत नाही. पूर्ण संच जमवायच्या हट्टाने उतरू नका. लॉटरी म्हणूनही घेऊ नका. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्स या पिचरचं उदाहरण आमच्या या गावात प्रत्येकाच्या तोंडी आहे. त्याच्या पहिल्या सामन्याच्या जर्सीवरचा बिल्ला लावलेलं, जगात एकच असलेलं कार्ड लॉस एंजेलिसच्या एका ११ वर्षांच्या मुलाला नाताळात निघालं. पायरेट्सने, म्हणजे आमच्या पिट्सबर्गच्या संघाने, त्याला ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. घरच्यांनी लिलाव निवडला आणि मार्च २०२५मध्ये ११ लाख डॉलरच्या वर किंमत आली. खरी गोष्ट, पण ती एकाच मुलाची आहे. तुमच्या-माझ्या पाकिटात मिनेसोटाचा पिचर निघतो, आणि तो मिळाल्याचा आनंद होणार असेल तरच पैसे घाला.

मग मेणकागद.

१९८७ सालच्या या पाकिटात १७ कार्डं आणि गमची एक कांडी. मागच्या बाजूला कागदाची घडी मेणाने चिकटवलेली असते. ती मी आधी नीट पाहिली, कारण दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मागवलेलं असंच पाकीट कुणीतरी उघडून, गरम करून पुन्हा चिकटवलेलं निघालं होतं. त्यात गम नव्हता आणि सगळी कार्डं किरकोळ खेळाडूंची. तेव्हापासून घडीवर दोनदा चिकटवल्याची रेघ दिसते का, कागद चुरगळलाय का, हे मी बघतेच. लेकीने बघूनच घेतलं होतं. घडी एकसंध होती. बोटाचं नख सरकवल्यावर ती चुरचुरत सुटली.

गम फिकट गुलाबी, तीन तुकडे झालेला. पांढरी पूड सगळीकडे सांडलेली. खाऊ नका, बोटात धरला तरी खडूसारखा चुरा होतो. वास मात्र आहे! ३८ वर्षं झाली तरी गोड, थोडा पेपरमिंटकडे झुकणारा. ज्या कार्डाला गम टेकून होता त्याच्यावर तपकिरी चौकोन उमटलाय. दुसऱ्या टोकाच्या कार्डामागे मेणाचा डाग. मधली पंधरा स्वच्छ. जुनी कार्डं एकमेकांना चिकटलेली असतात, ती ओढायची नाहीत. गड्डी दोन्ही अंगठ्यांनी हलकेच वाकवली की आपापली सुटतात.

या संचाची कड लाकडी फळीसारखी छापलेली आहे. वरती डावीकडे संघाचं चिन्ह, खाली उजवीकडे रंगीत पट्टीत नाव. पुठ्ठा जाड, करडा, मागची छपाई निळ्या-पिवळ्या शाईत आणि अक्षर बारीक. मी चष्मा काढून कार्ड डोळ्यांजवळ नेलं. वर्षावर्षाचे आकडे, जन्मगाव, कुठल्या हाताने खेळतो, सगळं आहे. एकूण ७९२ कार्डांचा हा संच इतका छापला गेला की आजही त्यातली बहुतेक कार्डं चहाच्या किमतीत मिळतात. पुढे फार गाजलेल्या बॅरी बाँड्सचं पायरेट्सच्या टोपीतलं कार्ड याच संचातलं. मला बाँड्स आला नाही, तसाच नावाजलेला मार्क मॅग्वायरही नाही. चौदावं कार्ड उलटलं आणि सिड ब्रीम निघाला.

पिट्सबर्गबाहेर हे नाव कुणाला फारसं सांगता येणार नाही. पिट्सबर्गमध्ये मात्र ते कुणी विसरलेलं नाही. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा, नॅशनल लीगच्या अजिंक्यपदाच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. नवव्या, शेवटच्या डावापर्यंत पायरेट्स २-० पुढे. मग अटलांटाने एक धाव काढली, शेवटच्या आऊटवर असताना फ्रान्सिस्को कॅब्रेराने डाव्या बाजूला चेंडू मारला, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू आला, २-२, आणि दुसऱ्या बेसवरून ब्रीम पळत सुटला. गुडघ्याच्या दुखण्याने मंदावलेला ब्रीम, दोन वर्षांपूर्वी पायरेट्सचा होता तोच, आता अटलांटाचा. डावीकडून बाँड्सने चेंडू फेकला. ब्रीम घसरत आला, ३-२, सामना संपला. बाँड्स त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. पायरेट्सला जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त असा हंगाम बघायला २०१३ उजाडावं लागलं. मधे वीस वर्षं गेली.

आणि माझ्या टेबलावर १९८७चा ब्रीम होता, पायरेट्सच्या वेशातला. मागे १९८६चे १६ होम रन. जन्मगाव कार्लाइल, पेनसिल्व्हेनिया. म्हणजे आपल्याच राज्यातला पोरगा. कार्ड छापणाऱ्याला यातलं पुढचं काहीच माहीत नव्हतं. मी ते कार्ड कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही.

शेजारी ऐंशी पार केलेले एक आजोबा राहतात. आम्ही या घरात आलो तेव्हा त्यांनीच मला बेसबॉल समजावला, रेडिओवर समालोचन लावून, पोर्चवर बसून. कार्ड घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी नुसतं पाहिलं आणि मान हलवली.

"सेफ होता का हो तो?" मी विचारलं.

"सेफच होता. तेच तर दुखणं आहे."

मग ते आत गेले आणि एका जुन्या वहीतून स्वतःचं कार्ड घेऊन आले, साठच्या दशकातलं. पायरेट्सचा रोबेर्तो क्लेमेंटे. पण कार्डावर छापलंय 'बॉब क्लेमेंटे'. पोर्तो रिकोच्या या माणसाला स्वतःचं नाव रोबेर्तोच हवं होतं, तरी १९५७पासून १९६९पर्यंत कार्डांवर बॉबच येत राहिला. ३१ डिसेंबर १९७२ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. आज स्टेडियमकडे जाणारा पूल त्याच्या पूर्ण नावाचा आहे आणि मैदानाची उजवीकडची भिंत त्याच्या २१ क्रमांकासाठी २१ फूट उंच बांधलीय. माझ्या इथल्या पहिल्या नोकरीत माझं नाव दोन अक्षरांवर आणलं होतं, ते मी दहा वर्षं चालवून घेतलं. आजोबांचं ते कार्ड मी बराच वेळ बघत बसले.

तर विकत घ्यायचं असेल तर काय घ्यावं? लहान मुलाला द्यायचं असेल तर सिरीज वनची दोन पाकिटं, आणि बरोबर साध्या प्लॅस्टिकच्या पेनी स्लीव्हचा गठ्ठा. तो स्वस्त मिळतो आणि मुलांना कार्डं आत सरकवायला फार आवडतं. आवडत्या एखाद्या कार्डासाठी कडक टॉपलोडर, म्हणजे जाड प्लॅस्टिकचं कव्हर. मोठ्या माणसाला द्यायचं असेल तर निःसंशय १९८७. किंमत वाढेल म्हणून नाही, ती वाढणार नाही. पण त्यातला प्रत्येक खेळाडू पुढे काय झाला हे आज आपल्याला माहीत असतं, आणि कार्डामागे तो अजून सव्वीस वर्षांचा असतो. शक्य असेल तर दुकानात स्वतः जाऊन, पाकीट हातात घेऊन, मागची घडी पाहून घ्या. फोडताना पंखा बंद ठेवा, गमची पूड उडते.

लेकीचा रात्री फोन आला. पहिला प्रश्न, "बाँड्स आला?"

"नाही. ब्रीम आला."

पलीकडे ती किंचाळलीच. १९९२मध्ये तिचा जन्मही झाला नव्हता, पण वाढली ती पिट्सबर्गमध्ये.

तिसरं नवं पाकीट मी अजून फोडलेलं नाही. चार जुलैच्या सुट्टीला ती घरी येतेय, ते तिच्या वाट्याचं. डबल आलं तर मी घेईन.