गल्फची नोकरी, दीड लाख रुपये आणि एकही पावती नाही

आखातात नोकरी लावतो म्हणून गंडवण्याची पद्धत सांगली-साताऱ्यात आता ठरूनच गेली आहे. माणसं बदलतात, हप्त्यांचा क्रम तोच राहतो. जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातला आयटीआय झालेला एखादा वेल्डर किंवा फिटर धरा. व्हॉट्सॲपवर जाहिरात येते : दुबई, वेल्डर-फॅब्रिकेटर पाहिजेत, पगार १,८०० दिरहॅम, राहणं-जेवण फ्री. खाली दोन मोबाइल नंबर, बाकी काही नाही. फोन लावला की नंबरवाला पाहुण्यातला किंवा शेजारच्या गावचाच निघतो. वडिलांना म्हणतो, "काका, पोरगं मला धाकट्या भावासारखं. तुम्ही निवांत राहा."

आधी पासपोर्ट जमा आणि 'फाइल'चे ५,०००. मग 'मेडिकल'चे ८,०००. मोबाइलवर ऑफर लेटरचा फोटो आला की ४०,०००. व्हिसाचा पीडीएफ आला की राहिलेले, म्हणजे तिकिटासकट दीड लाखाच्या घरात. पैसे रोख, नाहीतर एजंटच्या बायको-मेहुण्याच्या खात्यावर यूपीआयने. हे दीड लाख बहुतेक वेळा सोनंतारणाचे किंवा शेकडा तीनने उचललेले असतात, म्हणजे नुसतं व्याज महिन्याला ४,५००.

पुढे दोनच गोष्टी होतात. एक तर 'एम्बसीत अडकलंय', 'कंपनीचा कोटा संपला', 'पुढच्या सोमवारी नक्की' करत तारीख सरकत राहते आणि एक दिवस फोन बंद लागतो. नाहीतर पोरगा खरंच विमानात बसतो, पण व्हिजिट व्हिसावर. हे दुसरं जास्त वाईट. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात पोरगा परक्या मुलखात बेकायदेशीर ठरतो. शारजाच्या एखाद्या खोलीत दहा-बारा जणांत कोंबतात, पासपोर्ट काढून घेतात आणि रोजंदारीवर कुठंही कामाला पाठवतात. व्हिजिट व्हिसावर काम करायला यूएईत, म्हणजे दुबई-शारजा ज्या देशात आहेत तिथे, बंदी आहे, त्यामुळे पगार बुडाला तरी तक्रार कुठल्या तोंडाने करायची, हा प्रश्न. मुदत संपली की दिवसाला ५० दिरहॅम दंड चढायला लागतो.

एवढी शिकलेली पोरं फसतात कशी, असं शहरात बसून विचारणं सोपं आहे. विटा-खानापूरकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेली, जावळी-पाटणची मुंबईला माथाडीत गेली. जाताना कुणी करार बघितला नाही. गावच्या माणसाचा शब्द हाच जामीन होता आणि तो बऱ्याच अंशी पाळलाही जायचा, कारण त्या माणसाचं स्वतःचं दुकान किंवा टोळी तिथे होती. गल्फच्या एजंटचं तिथे काहीच नसतं. त्याला डोक्यामागे कमिशन मिळतं आणि वरचा एजंट कोण, हे बऱ्याचदा त्यालाही धड माहीत नसतं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९८३ च्या उत्प्रवासन (म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याच्या) अधिनियमाप्रमाणे परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरायची तर केंद्र सरकारचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. सब-एजंट नावाचा प्रकार कायद्यात नाहीच. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क घेता येतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ३५,४०० होतात, आणि पावती द्यावीच लागते. जाहिरातीतही नोंदणी क्रमांक लागतो. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च मालकानेच सोसायचा, कामगाराकडून थेट किंवा आडून वसूल करायचा नाही, असं लिहिलं आहे. मग आपल्याकडे 'व्हिसाचा रेट' म्हणून जो आकडा सांगतात तो कशाचा? मधल्या तीन-चार हातांचा.

नोंदणी तपासायला पाच मिनिटं लागतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर चालू परवान्याच्या एजंटांची यादी आहे, बेकायदा एजंटांचीही आहे. मात्र नुसता क्रमांक जुळला म्हणून समाधान मानू नका. दुसऱ्याच्या खऱ्या परवान्याचा क्रमांक आपल्या जाहिरातीत छापणं ही यांची जुनी युक्ती. यादीतला पत्ता आणि फोन बघा, त्या फोनवर स्वतः लावून विचारा : अमुक माणूस तुमचा आहे का, सांगलीत किंवा कराडात तुमची मंजूर शाखा आहे का? परवाना मुदतीत आहे की निलंबित, तेही तिथेच दिसतं.

आता व्हिसाचा कागद. एजंट तो मोबाइलवर दाखवतो, पोरगं आपलं नाव आणि फोटो बघून खूश होतं. बघायची ओळ वेगळीच असते. व्हिसाच्या प्रकारासमोर 'व्हिजिट' किंवा 'टुरिस्ट' असेल तर तो नोकरीचा व्हिसा नाही. "तिकडे गेल्यावर कंपनी बदलून देते" हे उत्तर ऐकलं की पासपोर्ट परत मागायचा. नोकरीच्या परवान्यावर हुद्दा आणि मालक कंपनीचं नाव असतं. वेल्डर म्हणून चाललाय आणि कागदावर 'लेबर' किंवा 'क्लीनर' लिहिलंय, तर पगार त्या हुद्द्याचा मिळणार. आणखी एक हमखास खूण : विमानतळावर विचारलं तर "फिरायला चाललोय" सांग, असं शिकवून परतीचं तिकीट हातात देतात. ते तिकीट नंतर रद्द होतं.

हे शिकवण्यामागचं कारण पासपोर्टात आहे. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआर, म्हणजे 'जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक' असा शेरा असतो आणि सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया धरून १८ देशांत नोकरीला जायला त्याला उत्प्रवासन परवानगी लागते. त्या परवानगीत करार, मालक, पगार तपासला जातो. सोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा अपघात विमा सक्तीचा असतो. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. व्हिजिट व्हिसावर पाठवलं की ही सगळी तपासणी टळते आणि विमाही जातो. बायांच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे : ईसीआर पासपोर्ट असलेल्या ३० वर्षांखालच्या स्त्रीला या देशांत नोकरीसाठी परवानगी मिळत नाही. तरीही कुणी पाठवतो म्हणाला, तर तो आडवाटेनेच पाठवणार.

दहावी झालेल्यांना वाटतं, आपला पासपोर्ट साधा, आपल्याला भीती नाही. उलट आहे. त्यांना परवानगी लागत नाही म्हणजे त्यांचा करार निघण्याआधी कुणीच वाचत नाही. आयटीआयवाले जवळजवळ सगळे याच गटात मोडतात.

म्हणून करार स्वतः वाचायचा, आणि निघायच्या आधी. यूएईचं ऑफर लेटर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात असतं, ते हिंदीतही मिळतं आणि त्यावरच्या क्रमांकाने मंत्रालयाच्या साइटवर पडताळता येतं. कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेला कागद म्हणजे ते नव्हे. पगारात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगळं करून बघा. १,८०० मधले मूळ पगाराचे ८०० आणि बाकी जेवण, 'फिक्स ओव्हरटाइम' वगैरे असेल तर पुढचं सगळं गणित ८०० वर चालतं. यूएईत आठवड्याला ४८ तासांच्या वरच्या कामाला मूळ पगाराच्या हिशेबाने सव्वापट, रात्री दहा ते चारला दीडपट. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांची.

सौदीचं थोडं वेगळं. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा ट्रेडना तिथली 'तकामोल'ची कौशल्य चाचणी लागते. ती न देता वेल्डरचा व्हिसा काढून देतो म्हणणारा एजंट हुद्दा बदलणार, हे धरून चाला. मेडिकलही आखाती देशांसाठी 'वाफिद' या ऑनलाइन नोंदणीच्या साइटवर नोंदवून तिथून मिळालेल्या केंद्रातच होतं. एजंटच्या ओळखीच्या लॅबमधला रिपोर्ट तिथे चालत नाही, त्या ८,००० मधला वाटा मात्र एजंटला मिळतो. नोकरीचा पत्ता नसताना आधी मेडिकल करून घेणारे कित्येक जण फक्त एवढ्यावरच पोट भरतात.

पासपोर्ट एजंटकडे ठेवायचा नाही. व्हिसासाठी लागला तर दिल्याची लेखी पोच घ्या. पोरगं दुसरीकडे जाऊ नये आणि पैसे परत मागू नयेत, म्हणून तो अडकवून ठेवतात. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, आणि 'आधी ३०,००० भर, मग देतो' म्हणणाऱ्याविरुद्ध पोलिसांत जाता येतं.

फसवणूक झालीच असेल तर पहिले काही तास मोलाचे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंदवा, रक्कम खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, व्हिसाचा पीडीएफ, यूपीआयचे व्यवहार क्रमांक जपून ठेवा. एजंट 'मिटवू' म्हणाला की पोरं रागाने किंवा भिडेने चॅट उडवतात, आणि रोख दिलेल्या पैशांना तोच एक पुरावा असतो.

पोलीस ठाण्यात "हा देवाणघेवाणीचा वाद आहे, कोर्टात जा" असं सांगून परत पाठवायचा प्रयत्न होतो. तक्रार लेखी द्या, त्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि उत्प्रवासन अधिनियमाची कलमं १० व २४ यांचा उल्लेख करा, पोच घ्या. कलम २४ चा दंड वाचून हसू येईल, २,००० रुपये. पण कैद दोन वर्षांपर्यंत आहे, आणि फसवणुकीची ३१८ (४) खाली सात वर्षांपर्यंत. या अधिनियमाखाली खटला चालवायला एरवी केंद्राची मंजुरी लागते. फसलेल्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांनी तक्रार केली तर कलम २७ प्रमाणे ती लागत नाही. पोलीस हे सहसा सांगत नाहीत.

पोरगा तिकडे अडकला असेल तर घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकायची, पासपोर्ट क्रमांक आणि तिकडचा राहण्याचा पत्ता देऊन. टोल फ्री क्रमांक १८००-११-३०९०. परतीच्या तिकिटाला पैसे नसतील तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यासाठी पोराने तिथे लेखी अर्ज करायचा. पासपोर्टची झेरॉक्स आणि व्हिसाची प्रत निघण्याआधीच घरी ठेवली असेल तर ही तक्रार लगेच टाकता येते, नाहीतर क्रमांक शोधण्यातच आठवडा जातो.