वेब डिझाइन शिकायला इन्स्पेक्ट आणि एमडीएन : काही महिन्यांच्या वापरानंतर एका डीटीपीवाल्याचा अनुभव

मी डीटीपीतला माणूस. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक हे सगळं पेजमेकर आणि कोरलमध्ये लावत आलो. आता तीच गिऱ्हाइकं विचारतात, ‘‘अहवाल वेबसाइटवरही टाकून द्याल का?’’ म्हणून वेबचं काम शिकायला घेतलं. शिकण्यासाठी दोन गोष्टी धरल्या आणि त्याच धरून ठेवल्या : ब्राउझरमधलं इन्स्पेक्ट (पानाची आतली रचना दाखवणारी सोय) आणि एमडीएन वेब डॉक्स (वेबच्या तंत्राची संदर्भ-साइट). दोन्ही फुकट आहेत. माझं मत आधीच सांगतो. ज्याला मराठी मजकुराची पानं वेबवर नीट लावायची आहेत, त्याने पैसे भरून कोर्स लावण्याआधी काही महिने या दोघांबरोबर काढावेत.

इन्स्पेक्टपासून सुरू करतो. कॉम्प्युटरवर कुठल्याही पानावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ म्हटलं की एका बाजूला त्या पानाचं एचटीएमएल (मजकूर आणि त्याच्या खुणा) दिसतं आणि दुसऱ्या बाजूला सीएसएस (मांडणी आणि रंगरूपाचे नियम). एखादं छापील पान आवडलं तर आम्ही फूटपट्टीने समास मोजायचो, टाइप कुठला आणि किती पॉइंटचा याचा अंदाज बांधायचो. वेबचं पान हे सगळं स्वतः सांगतं : समास किती, कॉलम किती, रंग कुठला, दोन ओळींत अंतर किती. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेब उभं केलं तेव्हापासून पानाचा मजकूर आणि त्याच्या खुणा ब्राउझरकडे साध्या अक्षरांत येतात, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे २००६ मध्ये जो ह्युइट यांचं फायरबग हे फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं साधन आलं आणि चालू पानातच आकडे बदलून परिणाम बघणं सोपं झालं. आजच्या ब्राउझरमधली डेव्हटूल्स (इन्स्पेक्ट ज्यांचा भाग आहे ती साधनं) त्याच वळणाची आहेत. तुम्ही केलेला बदल फक्त तुमच्या स्क्रीनवर असतो, पान रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत. त्यामुळे बिनधास्त हात घालता येतो.

सुरुवातीला मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रेघ मारलेल्या ओळींनी. सीएसएसच्या यादीत काही ओळींवर आडवी रेघ असते, म्हणजे तो नियम लिहिलेला आहे पण दुसऱ्या नियमाने त्याला मागे टाकलंय. कोणी कोणाला मागे टाकलं हे त्याच यादीत वर-खाली बघून कळतं. कॅस्केड (अनेक नियमांतला कुठला चालणार हे ठरायची पद्धत) म्हणजे काय हे वाचून जेवढं समजलं नव्हतं तेवढं या रेघांमुळे समजलं. फायरफॉक्समध्ये आणखी एक सोय आहे, २०१९ पासूनची. एखादा नियम बरोबर लिहिलाय पण त्या जागी लागूच होत नाही, तर तो फिका दिसतो आणि त्याच्याशेजारच्या खुणेवर माउस नेला की कारण लिहून येतं. ग्रिडच्या, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांच्या मांडणीच्या, रेषा पानावर उमटवून दाखवण्याची सोयही मला फायरफॉक्सचीच आवडते. कॉलमच्या गाइड टाकून काम करणाऱ्याला ती बघताक्षणी उमगते.

एमडीएन हे फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलं. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी यांनी वेबची माहिती एकाच ठिकाणी, म्हणजे एमडीएनवर, लिहायचं ठरवलं. २०२० च्या अखेरीस सगळा मजकूर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर गेला, त्यामुळे कोणीही दुरुस्ती सुचवू शकतं. माझ्या रोजच्या कामात त्याचा उपयोग असा : इन्स्पेक्टमध्ये अनोळखी प्रॉपर्टी (सीएसएसच्या नियमातला गुणधर्म) दिसली की तिचं एमडीएनवरचं पान उघडायचं, वरचं उदाहरण हाताने बदलून बघायचं आणि मग ती कुठल्या ब्राउझरांत चालते तो तळाचा तक्ता वाचायचा. पानाच्या वरच ‘बेसलाइन’ची पट्टी असते. ती सांगते की ही गोष्ट प्रमुख ब्राउझरांत सर्रास चालते की अजून नवी आहे. गिऱ्हाइकाचे सभासद जुने फोन वापरतात, त्यामुळे ही पट्टी बघितल्याशिवाय मी काहीच पक्कं करत नाही.

आता प्रेरणेबद्दल, कारण डिझाइन शिकणारा प्रत्येकजण हाच प्रश्न विचारतो. बक्षीसपात्र वेबसाइटची आणि नुसत्या स्क्रीनशॉटची दालनं मीही बघतो. पण स्क्रीनशॉट उलगडता येत नाही. तो फोनवर कसा दिसतो, मजकूर दुप्पट झाला तर काय होतं, हे त्यात नसतं. मला खरी प्रेरणा दिली ती सीएसएस झेन गार्डनने. डेव्ह शे यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम अजून बघायला मिळतो. त्यात एचटीएमएल एकच, त्यातला एकही शब्द बदलायचा नाही. वेगवेगळ्या डिझायनरांनी फक्त सीएसएस आणि चित्रं बदलून त्याच मजकुराची शेकडो रूपं केली आहेत. एकाच लेखाची पानं वेगवेगळ्या अंकांसाठी लावणाऱ्याला याची किंमत लगेच कळते. मी त्यातलं एकेक रूप उघडून इन्स्पेक्टमध्ये वाचत गेलो. त्यातली बरीच तंत्रं आज जुनी झालीत, कारण ग्रिड ब्राउझरांत आलं ते २०१७ मध्ये. पण मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवायची शिस्त तिथे जशी दिसते तशी मला दुसरीकडे दिसली नाही.

यापुढचं मात्र देवनागरीबद्दल आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. जगातली बहुतेक टेम्प्लेट, म्हणजे पानांचे तयार साचे, रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात. त्यात मराठी मजकूर ओतला की ती ठराविक ठिकाणी मोडतात आणि इन्स्पेक्टमुळे ती ठिकाणं सापडतात.

पहिलं ठिकाण लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत. मोठ्या मथळ्याला १.१ दिलेला असतो. इंग्रजीत तो छान घट्ट दिसतो, मराठीत वरच्या ओळीतल्या ‘कुटुंब’चे उकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या वेलांटी-रफारावर बसतात. मथळ्याला १.३-१.४ आणि मजकुराला १.६-१.७ हे मला बहुतेक फॉन्टना मानवलं. दुसरं ठिकाण लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. मथळ्यावर बारीक, मोकळ्या अक्षरांतली एक ओळ टाकायची पद्धत हल्ली सगळीकडे आहे. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. त्याच ओळीला कॅपिटल करणारा नियमही मराठीत काहीच करत नाही, कारण आपल्याकडे लहान-मोठी अक्षरं नाहीतच. मी तिथे स्पेसिंग शून्य करतो आणि वजन (अक्षराची जाडी) किंवा रंग बदलून वेगळेपणा आणतो.

तिसरं ठिकाण फॉन्ट. क्रोममध्ये ‘कम्प्यूटेड’च्या तळाशी आणि फायरफॉक्समध्ये ‘फॉन्ट्स’ या भागात, प्रत्यक्षात कुठला फॉन्ट वापरला गेला ते दिसतं. एका नावाजलेल्या टेम्प्लेटमध्ये सीएसएसमध्ये महागडा फॉन्ट होता, पण त्यात देवनागरी नव्हती. म्हणून मराठी मजकूर विंडोजवर निर्मला यूआयमध्ये येत होता आणि अँड्रॉइडवर नोटोमध्ये. एकाच पानाची दोन रूपं. तेव्हापासून मी फॉन्ट निवडतानाच देवनागरी बघतो. मुंबईच्या एकटाइपचा मुक्ता, त्यांचाच बालू, इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत. मुक्तामध्ये सात वजनं मिळतात. पण सातही लोड करू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीच्या मूळ तक्त्यात १२८ जागाच असल्या तरी जोडाक्षरांमुळे फॉन्टमध्ये आकार कितीतरी जास्त असतात आणि फाइल जड होते. डेव्हटूल्समधल्या नेटवर्कच्या भागात कनेक्शन मुद्दाम मंद करून बघितलं की हे चांगलंच जाणवतं. मी दोन वजनांवर काम भागवतो.

आणि चौथी गोष्ट, जी मला सर्वांत जास्त आनंद देऊन गेली. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये (खुणेत) लँग (भाषा) म्हणून ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहिलं की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे होतात. इन्स्पेक्टमध्ये त्या टॅगवर डबल क्लिक करून हिंदीच्या ‘एचआय’चं ‘एमआर’ करा, अक्षरं डोळ्यांदेखत बदलतात. छापील अंकात मराठी ‘ल’साठी आम्ही किती हट्ट धरायचो! स्क्रीन रीडरलाही मजकूर कुठल्या भाषेत वाचायचा ते याच खुणेवरून कळतं, तरी कित्येक मराठी पानांवर तिथे अजून इंग्रजीची खूण दिसते. ती बदलायला काहीच लागत नाही.

एमडीएनवर खोदत गेलं की अशा कामाच्या गोष्टी निघत राहतात. यादीला १, २, ३ ऐवजी देवनागरी आकडे देणारी व्हॅल्यू सीएसएसमध्ये तयार आहे. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत इंटल नंबरफॉरमॅट हे आकडे मांडणारं साधन आहे, त्याला भाषा-प्रदेश म्हणून ‘मराठी-भारत’ सांगितलं की तो देवनागरी आकड्यांत लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम देतो, १२,३४,५६७ असं. पतसंस्थेच्या ताळेबंदाला याहून सोयीचं काय? ‘स्त्री’ हा शब्द जावास्क्रिप्टला सहा लांबीचा वाटतो (हलन्त आणि वेलांटीही वेगळी मोजली जाते) हेही तिथेच कळलं. फॉर्ममध्ये अक्षरांची मर्यादा घालताना ते लक्षात ठेवावं लागतं.

आता उणिवा. एमडीएन मराठीत नाही. इंग्रजी सोपं असलं तरी संदर्भाची पानं दाट आहेत. अगदी नवख्याने थेट एखाद्या प्रॉपर्टीच्या पानावर न जाता तिथल्याच ‘लर्न’ विभागापासून सुरुवात करावी. इन्स्पेक्टसाठी कॉम्प्युटर हवाच, फोनवरच्या क्रोममध्ये ते मिळत नाही. मोठ्या साइटची जावास्क्रिप्ट दाबून एका ओळीत बसवलेली असते, ती वाचून फारसं हाती लागत नाही. जावास्क्रिप्ट शिकायला मला वेगळा सराव करावा लागला आणि अजून करतोय. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, तसाच चिकटवला तर वेबवर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्या बदलात रफार आणि ऱ्ह, ऱ्य नीट तपासा. ते काम यातलं कुठलंच साधन करून देत नाही, प्रूफ वाचावंच लागतं.

एक सावधगिरी. दिसतंय म्हणून उचलायचं नाही. मांडणी वाचून शिकणं वेगळं, दुसऱ्याची चित्रं आणि विकतचे फॉन्ट उचलणं वेगळं. एमडीएनवरचे कोडचे नमुने मात्र मोकळेपणाने वापरता येतात, ऑगस्ट २०१० नंतर घातलेले सगळे नमुने सार्वजनिक वापरासाठी खुले आहेत.

सुरुवात करणाऱ्याला मी सांगेन की आवडलेलं एक पान घ्या, त्यातला सगळा मजकूर इन्स्पेक्टमध्ये काढून मराठी मजकूर टाका, तोही उकार, रफार आणि जोडाक्षरांनी भरलेला. ते पान जिथे मोडेल तिथली प्रॉपर्टी एमडीएनवर वाचा आणि दुरुस्त करा. मग इन्स्पेक्टमधल्या अक्षरांच्या रंगावर क्लिक करून कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक) बघा, साध्या मजकुराला तो किमान ४.५ ला १ हवा. आमच्या अहवालांचे सभासद बहुतांश ज्येष्ठ आहेत, त्यामुळे फिका राखाडी मी कायमचा सोडला.

सध्या मी सबग्रिड (बाहेरच्या ग्रिडच्या रेषा आतल्या चौकटींनाही वापरू देणारी सोय) वाचतोय. दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत लेखाचं नाव, लेखक आणि पान क्रमांक वेगवेगळ्या चौकटींत असूनही एका रेषेत आणायचे आहेत. बेसलाइनची पट्टी सांगते की प्रमुख ब्राउझरांत ते चालतं. या वर्षीच्या अंकाची अनुक्रमणिका त्यातच लावणार आहे.