बाद फेरीच्या सोडतीचे ॲप : मांडणी उत्तम, न्याय अपुरा

३२ खेळाडूंच्या स्पर्धेची सोडत काढण्यासाठी मी हे ॲप वापरले. नावे भरताच ते क्षणात ५ फेऱ्यांचा तक्ता तयार करते आणि निकाल नोंदवणेही सोपे आहे.

मात्र मानांकन (खेळाडूंचा ताकदीनुसार क्रम) न भरल्यास ते निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी सोडत काढते, आणि माझी मुख्य तक्रार इथेच आहे. सरस खेळाडूच नेहमी जिंकतो असे धरले, तरी अशा सोडतीत सर्वोत्तम दोघे तक्त्याच्या एकाच अर्ध्या भागात येण्याची शक्यता ३१ पैकी १५ असते. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा खरा दुसरा खेळाडू अंतिम फेरीपूर्वीच बाद होतो आणि उपविजेतेपद त्याच्याहून कमी ताकदीच्या खेळाडूला मिळते. अव्वल दोन मानांकितांना विरुद्ध भागांत ठेवले की हा अन्याय टळतो, परंतु ॲप तशी सूचनाही देत नाही.

दुहेरी बाद पद्धतीचा (दोनदा हरल्यावरच खेळाडू बाद) पर्याय मला मनापासून आवडला. त्यात ३१ ऐवजी ६२ किंवा ६३ सामने खेळवावे लागतात, पण एका वाईट दिवसाने कोणाची स्पर्धा संपत नाही. तिथेही अंतिम फेरीतला जादा सामना (अपराजित खेळाडू तिथे हरल्यास खेळवायचा निर्णायक सामना) मुळात बंद ठेवलेला असतो, त्यामुळे तोवर अपराजित राहिलेला खेळाडू एकाच पराभवाने विजेतेपद गमावतो, जेव्हा इतर प्रत्येकाला दोन पराभवांची मुभा मिळालेली असते. आयोजकांनी जादा सामन्याचा हा पर्याय सोडतीपूर्वीच सुरू करावा.

पाचपैकी तीन तारे.