डिस्ट्रोकिड: वर्षाला दोन-तीन गाणी काढणाऱ्या सांगली-मिरजेच्या कलाकाराला परवडतं का?

डिस्ट्रोकिड ही २०१३ साली सुरू झालेली अमेरिकी सेवा. तिचं काम सरळ आहे. आपण गाण्याची फाईल, मुखपृष्ठ आणि माहिती भरायची. ती ते गाणं स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, जिओसावन अशा ठिकाणी पोचवते आणि तिथून आलेल्या पैशांतून कमिशन न घेता ते आपल्या खात्यात जमा करते. वर्षाची वर्गणी भरली की गाणी कितीही टाका. सांगली, मिरज, विटा, तासगाव या पट्ट्यातल्या छोट्या स्टुडिओंतून गाणं तयार होऊन बाहेर पडलं की याच सेवेचं नाव आधी सुचवलं जातं. महिन्याला चार गाणी काढणाऱ्या पोराला तो सल्ला योग्य आहे. भजनी मंडळ, शाहिरी पथक किंवा वर्षातून एखादी मैफल ध्वनिमुद्रित करणारा ख्यालगायक यांच्यासाठी मात्र ही सेवा महाग आहे, आणि तो महागपणा पहिल्या वर्षी दिसत नाही.

आधी दर पाहू. 'म्युझिशियन' ही सर्वांत स्वस्त योजना बरीच वर्षं १९.९९ डॉलरला होती. पुढे ती २२.९९ वर गेली आणि वाढ तिथेही थांबली नाही. खालचा सगळा हिशेब २२.९९ डॉलर आणि ८५ रुपये दर धरून केला आहे. भरताना जो आकडा पानावर दिसेल तो घालून पुन्हा करावा. २२.९९ डॉलर म्हणजे साधारण १,९५० रुपये. शिवाय कार्डाची बँक परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी लावते, ते वेगळं.

खरा खर्च फॉर्मच्या शेवटी असलेल्या जोडसोयींचा. यूट्यूब कंटेंट आयडी (दुसऱ्याच्या व्हिडिओत आपलं गाणं वाजलं तर ते ओळखून त्याचे पैसे आपल्याला देणारी सोय) एका सिंगलला, म्हणजे सुट्या गाण्याला, वर्षाला ४.९५ डॉलर, वर त्यातून येणाऱ्या उत्पन्नातले २० टक्के. शझामवर गाणं ओळखलं जावं यासाठी गाण्यामागे वर्षाला ०.९९. पुढे नवी दुकानं, म्हणजे स्पॉटिफायसारखी गाणी ऐकवणारी अ‍ॅप्स, आली तर गाणं आपोआप तिथे जावं म्हणून 'स्टोअर मॅक्सिमायझर', ७.९५. पाच सिंगल्सना हे तिन्ही घेतलं तर जोडसोयींचेच ६९.४५ डॉलर होतात आणि वर्गणी धरून बेरीज ९२.४४ डॉलर, म्हणजे जवळपास ७,८५० रुपये. तेही दर वर्षी. यातला स्टोअर मॅक्सिमायझर सरळ सोडून द्यावा. भारतात गेल्या काही वर्षांत नवी दुकानं येण्याऐवजी होती ती बंद झाली: २०२४ च्या जानेवारीत रेसो गेलं, त्याच वर्षी विंक म्युझिकही आवरलं. आपल्या भागातला श्रोता यूट्यूबवर आहे, थोडा स्पॉटिफाय आणि जिओसावनवर. तिथे गाणं मूळ वर्गणीतच पोचतं.

आता या सेवेतली सर्वांत अन्यायाची गोष्ट. वर्गणी थांबली की गाणी दुकानांतून उतरवली जातात. गाणं कायम राहावं असं वाटत असेल तर 'लीव्ह अ लेगसी' ही वेगळी एकरकमी रक्कम भरावी लागते: सिंगलला २९ डॉलर, अल्बमला ४९. पाच सिंगल्सचे १४५ डॉलर, म्हणजे १२,३०० रुपयांच्या वर. पखवाजवाला, पेटीवाला, स्टुडिओचे तास असा खर्च करून मंडळाने एक अभंग काढायचा आणि मग तो नुसता तिथे राहावा म्हणून आयुष्यभर भाडं भरायचं, हे न पटण्यासारखं आहे. कमिशन शून्य हे खरं. पण ज्या गाण्याचं वर्षाचं उत्पन्नच दोन-तीनशे रुपये आहे, त्याच्या मालकाला शून्य कमिशनचा काय उपयोग?

यात भारतातली एक अडचण भर घालते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वजावटीला ई-मँडेट, म्हणजे बँकेत आधी नोंदवलेली संमती, लागतो. परदेशी सेवांच्या बाबतीत तो अनेक बँकांत नोंदलाच जात नाही, मग नूतनीकरणाची वजावट नाकारली जाते. सूचना येते ती ईमेलवर, आणि मंडळाच्या खात्याचा ईमेल बहुधा स्टुडिओतल्या मुलाने काढून दिलेला असतो, तो कुणी उघडत नाही. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू ठेवावेत. वर्गणी संपण्याच्या तारखेआधी पंधरा दिवसांची आठवण फोनमध्ये लावावी. आणि ईमेलचा पासवर्ड मंडळातल्या किमान दोघांकडे असावा. तरीही गाणी उतरलीच, तर पुन्हा चढवताना जुनाच आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक), तेच शीर्षक आणि तीच ध्वनिफीत वापरावी. तरच आधीचे ऐकणीचे आकडे परत जोडले जाण्याची शक्यता राहते.

स्वस्त योजनेतली दुसरी खोट प्रकाशनाच्या तारखेची. 'म्युझिशियन' योजनेत तारीख आपल्याला ठरवता येत नाही. त्यासाठी वरची 'म्युझिशियन प्लस' घ्यावी लागते. ही गोष्ट किरकोळ नाही. स्पॉटिफायच्या संपादकांकडे, म्हणजे तिथल्या गाण्यांच्या याद्या लावणाऱ्यांकडे, गाणं सुचवायचं तर ते प्रकाशित होण्याच्या किमान सात दिवस आधी 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स' मधून पाठवावं लागतं, आणि त्यासाठी पुढची तारीख हातात हवी. आषाढी एकादशीचा अभंग, गणपतीची आरती, शिवजयंतीचा पोवाडा यांचं सगळं गणितच तारखेवर असतं. ज्याच्यामागे कंपनी नाही, जाहिरातीला पैसा नाही, त्याला संपादकांपर्यंत जायची ही एकच फुकट वाट आहे, आणि ती वाट वरच्या वर्गणीमागे ठेवली आहे. प्लस घेणार असाल तर गाणं सणाच्या चार आठवडे आधी चढवा. एखादी चूक निघाली तर दुरुस्त करून पुन्हा पाठवायला तेवढे दिवस लागतात.

तुलनेला दोन पर्याय आहेत. राऊटनोटच्या मोफत योजनेत वर्गणी नाही, उत्पन्नातले १५ टक्के ती कंपनी ठेवते. सीडी बेबी एका सिंगलचे एकदाच ९.९९ डॉलर घेते, पुढे वार्षिक काही नाही, आणि उत्पन्नातले ९ टक्के कापते. हिशेब करून पाहा. २२.९९ डॉलर हे १५ टक्के व्हायला वर्षाचं उत्पन्न सुमारे १५३ डॉलर, म्हणजे १३,००० रुपये हवं. त्याखाली असाल तर कमिशनवाली सेवाच स्वस्त. सीडी बेबीवर तीन सिंगल्सचे एकदाच २९.९७ डॉलर, डिस्ट्रोकिडवर दुसऱ्या वर्षीच ४५.९८ भरून झालेले असतात, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा पावती फाडायचीच. राऊटनोटची उणीवही सांगायला हवी: ५० डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. छोट्या मंडळाचे तेवढे साठायला काही वर्षं जातील. पण गाणं त्या काळात जागेवर राहतं.

उत्पन्नाबद्दल आधीच मन तयार ठेवावं. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळत नाही. एका ऐकणीला ठरलेला दर नसतो, एकूण रकमेतला वाटा मिळतो, आणि भारतातली वर्गणी अमेरिकेपेक्षा बरीच कमी असल्याने इथल्या ऐकणीचा वाटाही छोटा. मिरजेच्या शास्त्रीय गायकांना तर ऐकणी मोजण्याचा नियम विशेष मारक आहे. तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणी मोजली जाते. तीन मिनिटांचं गाणं आणि पंचेचाळीस मिनिटांचा राग यांची मोजणी सारखीच. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावातल्या गायकाने विलंबित आणि द्रुत हे वेगळे ट्रॅक करून द्यावेत, तराणा असेल तर तोही वेगळा. तोडायची जागा समेनंतरची निवडावी आणि दोन्हीकडे तानपुरा चार-पाच सेकंद वाजता ठेवावा, म्हणजे सलग ऐकणाऱ्याला धक्का बसत नाही.

ऐकणी वाढवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांना दारात उभं करू नये. बनावट ऐकणी मोठ्या प्रमाणात सापडली की स्पॉटिफाय वितरकाकडून, म्हणजे डिस्ट्रोकिडसारख्या सेवेकडून, गाण्यामागे दंड घेतं, काही वितरक तो कलाकाराकडून वसूल करतात, आणि गाणंही जातं.

चढवताना गाणी अडतात ती बहुतेक मुखपृष्ठावर. ३,००० बाय ३,००० पिक्सेलचं चौरस जेपीजी द्यावं. आपल्याकडे ते काम फ्लेक्सवाल्याकडे जातं आणि तो सवयीने मोबाईल नंबर, यूट्यूब चॅनलचा पत्ता, स्टुडिओचा लोगो आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो टाकतो. नंबर, पत्ता, लोगो यातलं काहीही असलं तर दुकानं नाकारतात. गाण्याचं नाव आणि कलाकाराचं नाव एवढंच ठेवावं, आणि ते फॉर्ममध्ये भरलेल्याशी अक्षर न् अक्षर जुळावं. फाईल ४४.१ किलोहर्ट्झची, १६ किंवा २४ बिट वेव्ह (आवाज न दाबलेली मूळ फाईल) द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या एमपी३ ला वेव्ह करून काही साधत नाही, गेलेला आवाज परत येत नाही. हलगी-ढोलकीच्या गाण्यात पातळी फार चढवू नये: स्पॉटिफाय ऐकवताना साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या पातळीचं माप) आणतं, म्हणजे दाबून मोठं केलेलं गाणं पुन्हा खाली येतं आणि हलगीचा कडाका तेवढा मधल्या मध्ये मरतो.

नावाचा घोळ त्याहून त्रासदायक. एका गाण्यावर 'शाहीर' लावलं, दुसऱ्यावर काढलं; एकदा 'ह.भ.प.', एकदा नुसतं आडनाव; कधी देवनागरी, कधी रोमन. प्रत्येक वेळी नवं कलाकार-पान तयार होतं आणि ऐकणारे विखुरतात. उलट नाव अगदी सर्वसाधारण असेल तर आपलं गाणं दुसऱ्याच कुणाच्या पानावर जाऊन बसतं. पहिल्या गाण्याआधी नाव शोधून पाहावं, गरज पडली तर सांगलीकर, मिरजकर असं गावाचं नाव जोडावं, आणि मग ते कधीही बदलू नये.

हक्कांच्या बाबतीत तर फसगत ठरलेली. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण त्यांना अलीकडच्या संगीतकाराने लावलेली लोकप्रिय चाल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असते. अभंग स्वतःच्या किंवा खऱ्या पारंपरिक चालीत गावा. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत चालू आहे, त्यामुळे त्यांचा पोवाडा किंवा लावणी ध्वनिमुद्रित करताना हक्कदारांची लेखी परवानगी घ्यावी. डिस्ट्रोकिडची कव्हर परवान्याची सशुल्क सोय अमेरिकेपुरती आहे, भारतात तिचा आधार नाही. पारंपरिक चालीवर किंवा अ‍ॅपमधल्या तयार तबला-लूपवर कंटेंट आयडी लावू नये. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्याच्या व्हिडिओवर आपला दावा जातो, तो हरकत घेतो, आणि आपली सोय रद्द होते. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी वितरक आणून देत नाही. त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं.

चांगली बाजू ठळक आहे. फॉर्म सोपा, गाणी लवकर पोचतात, आणि 'स्प्लिट्स' ही सोय मंडळांसाठी उत्तम: गायक, पेटी, पखवाज यांचे टक्के एकदा भरले की ज्याचा वाटा त्याच्या खात्यात जातो. फक्त प्रत्येक वाटेकऱ्याला स्वतःचं खातं लागतं. करासाठी अमेरिकी करखात्याच्या डब्ल्यू-८ बेन फॉर्ममध्ये पॅन भरून भारत-अमेरिका कराराचा उल्लेख करावा; अमेरिकेतल्या उत्पन्नावर ३० ऐवजी १५ टक्के कपात होते.

स्टुडिओवाला 'माझ्याच खात्यावरून टाकतो' म्हणाला तर पैसे त्याच्याकडे जमतात आणि गाणं त्याच्या वर्गणीवर जगतं. तसं करायचंच असेल तर आयएसआरसी, यूपीसी (संपूर्ण प्रकाशनाचा क्रमांक), मूळ वेव्ह फाईल आणि उत्पन्नाच्या वाटणीचा कागद सहीसह त्याच दिवशी घ्यावा.

आधीच डिस्ट्रोकिडवर असाल आणि बाहेर पडायचं असेल तर वर्गणी संपण्याआधी दोन महिने सुरुवात करा. प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी उतरवून घ्या. नव्या सेवेवर तीच फाईल, तेच नाव, तोच क्रमांक भरून गाणं चढवा. कंटेंट आयडी दोन्हीकडे एकाच वेळी चालू ठेवू नका, आपल्याच गाण्यावर आपलाच दावा येतो. स्पॉटिफायवर दोन्ही प्रती दिसू लागल्या आणि ऐकणीचे आकडे जुळले की मगच जुनी प्रत काढा, खात्यात उरलेली रक्कम काढून घ्या आणि शेवटी वर्गणी बंद करा.