गुडघ्याची कूर्चा: हाडाला भोकं पाडावी की पेशी वाढवून बसवाव्या?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून बारा हंगाम फुटबॉल खेळलो, आणि माझे दोन्ही गुडघे दोन वेगळ्या उपायांनी दुरुस्त झालेत. डाव्याला मायक्रोफ्रॅक्चर, उजव्याला पेशीरोपण. तुमच्यापुढे हेच दोन पर्याय असतील तर माझा अनुभव ऐकून ठेवा.

कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिथं खपली धरत नाही. मोजक्या पेशी आपापल्या कप्प्यात अडकलेल्या. सांध्यातल्या वंगणातून जे झिरपेल त्यावर जगतात. शेजारी खड्डा पडला तरी तिथवर जाऊन तो भरणं त्यांना जमत नाही. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये खालच्या हाडाला तीन-चार मिलिमीटरवर बारीक भोकं पाडतात. मज्जेतलं रक्त वर येऊन गोठतं आणि त्यातल्या मूळपेशी खड्डा भरतात. एकच ऑपरेशन, सहा आठवडे कुबड्या, खर्चही झेपणारा. पहिली दोन वर्षं मी खूश होतो.

मग जोतिबाच्या पायऱ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. चढताना काही नाही, उतरताना मात्र आत खरखर, आणि संध्याकाळी गुडघा टम्म. दर खेपेला तेच. झालं असं, की तो भराव मूळ कूर्चेसारखा नसतो. मूळ कूर्चेत ‘टाइप २’ कोलॅजन (तंतूंचं प्रथिन) असतं. भरावात ‘टाइप १’ जास्त, कातडीत असतं तसं. पाणी धरून दाब झेलणं त्याला तितकंसं जमत नाही.

उजव्या गुडघ्याच्या कडेचा, जिथं भार कमी पडतो तिथला, कूर्चेचा तुकडा काढला, पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये खड्ड्यात बसवल्या. १९९४ साली स्वीडनच्या डॉक्टरांनी २३ रुग्णांवरचे निष्कर्ष छापले, तीच ही पद्धत. खर्च कितीतरी जास्त, दोनदा भूल, आणि वर्षभर मैदान बंद. तरी हा गुडघा पायऱ्या उतरून आल्यावर सुजत नाही. आता मी खेळत नाही, त्याचाही हातभार असेल.

खड्डा दोन चौरस सेंटिमीटरच्या आतला असेल, तर मायक्रोफ्रॅक्चर चुकीचं म्हणणार नाही. मोठा असेल आणि वय कमी असेल, तर पैसे जमवून थोडं थांबावं, असं मला वाटतं. कारण डाव्यालाही पेशी बसवा म्हणून मी गेलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, भोकं पाडलेलं हाड आता टणक झालंय. अशा जागी रोपण फसण्याचं प्रमाण जास्त असतं.