अडतीस पानी रिपोर्ट आणि माझं प्रोस्टेट

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. तरीही फसले. सव्वीस वर्षं मुलांना सांगत आले की पुरावा मागा, आणि स्वतःच्या बाबतीत एकदाही मागितला नाही.

तीन वर्षांपासून मला मधुमेह आहे. मेटफॉर्मिनची गोळी चालू होती, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ७.१. आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे पाचव्या मिनिटाला पुढचा पेशंट आत येतो. "भात कमी करा, चाला" एवढंच कानावर पडायचं. अशात भिशीतल्या एका मैत्रिणीने नाशिकमधल्याच एका 'होलिस्टिक न्यूट्रिशनिस्ट' मॅडमचं नाव सुचवलं. पहिली भेट फुकट.

मॅडमनी पाऊण तास माझं ऐकून घेतलं. झोप, सासूबाईंचं आजारपण, पेपर तपासताना संपणारा फरसाण, सगळं. खरं सांगायचं तर मी तिथेच विकली गेले. मशीन नंतर आलं.

मशीन म्हणजे लॅपटॉपला जोडलेली धातूची दांडी. ती मिनिटभर मुठीत धरायची. सुईने टोचायचं नाही, रक्त काढायचं नाही. मग अडतीस पानी रंगीत इंग्रजी रिपोर्ट छापून हातात. यकृतात विषारी द्रव्यं, शरीरात जड धातू, अमुक जीवनसत्त्व कमी. "तुमचा मधुमेह मुळापासून जाईल, ताई," असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या सोनेरी चौकटीतल्या सर्टिफिकेटकडे हात केला. तीन महिन्यांचं पॅकेज १८,००० रुपये. पावडर आणि कॅप्सूल वेगळ्या, महिन्याला ७,४००. हे म्हणाले, "एकदा डॉक्टरांना विचार." मी म्हटलं, त्यांना कुठे वेळ आहे!

पोळी, भाकरी, भात, दूध बंद. त्याऐवजी दिवसातून दोनदा डिटॉक्स ज्यूस: गाजर, बीट, सफरचंद, चार खजूर, वर चमचाभर मध. "नैसर्गिक साखर लागत नाही." दुसऱ्या आठवड्यात गोळीही सोडायला सांगितली, कारण म्हणे केमिकल आणि ज्यूस एकत्र चालत नाहीत. मी सोडली. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

दोन महिन्यांत वजन साडेपाच किलो उतरलं. स्टाफरूममध्ये कौतुक झालं, दोघींनी माझ्याकडून नंबरही घेतला (त्यांची मी नंतर माफी मागितली). पण रात्री चार-चारदा उठावं लागे, घसा सतत कोरडा. मॅडमचं उत्तर तयार होतं, "टॉक्सिन बाहेर पडतायत." बरं वाटलं तर उपचाराचा गुण, त्रास झाला तर तोही गुण!

दिवाळीत लेक घरी आली. तिने तो रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचला, जे मी कधीच केलं नव्हतं. सत्ताविसाव्या पानावर ती हसायलाच लागली. "आई, तुझं प्रोस्टेट एकदम उत्तम आहे." सहायक मुलीने नोंद करताना स्त्रीऐवजी पुरुष निवडलं होतं आणि मशीनने मुकाट्याने माझं प्रोस्टेट तपासून हिरवी खूण केली होती. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "ते ऊर्जेच्या पातळीवरचं असतं."

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. एचबीएवनसी ९.४. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. साखर लघवीवाटे जात होती, तहान आणि वजनातली घट त्याचीच, असं त्यांनी समजावलं. गोळी पुन्हा सुरू झाली आणि त्यांनी एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

या बाईंनीही झोप विचारली, घरचा ताण विचारला, शाळेची वेळ आणि डबा विचारला. म्हणजे समग्र विचार खोटा नसतो, तो मशीनशिवायही करता येतो. फी ८०० रुपये. बाटली एकही विकली नाही. "गोळ्या कमी-जास्त करणं माझं काम नाही, ते डॉक्टर बघतील," हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. भाकरी परत आली, सोबत उसळ आली, ज्यूस गेला. मी आता धीट झाले होते म्हणून शिक्षण विचारलं. त्या एमएस्सी, शिवाय इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन झालेल्या नोंदणीकृत डाएटिशियन. मॅडमचं सोनेरी सर्टिफिकेट सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचं होतं, तेही लेकीनेच शोधलं. ते भिंतीवर लिहिलेलंच होतं, फक्त बारीक अक्षरात.

बारीक अक्षरांवरून आठवलं. पावडरच्या डब्याच्या मागे छापलं होतं की हे औषधी वापरासाठी नाही. आणि मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हे मला चाळीस हजार घालवल्यावर कळलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, बिल आहे का? बिल नव्हतं. एका खासगी नावावर यूपीआयने केलेल्या भरण्यांचे स्क्रीनशॉट होते, तेच जोडून तक्रार दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

न फोडलेले दोन डबे माळ्यावर आहेत, पुरावा म्हणून. परवा भिशीत एकीने हळूच विचारलं, "तुला नको असतील तर अर्ध्या किमतीत देतेस का?"