खाऱ्या टाकीतलं शेवाळ: गोगलगायी, रेफ्युजियम, जीएफओ की औषध?

खाऱ्या पाण्यातल्या मासे-प्रवाळांची टाकी लावून चौथा-पाचवा महिना असतो. खडकांवर हिरवी लव दिसायला लागते आणि बरं वाटतं, टाकी जिवंत झाली म्हणून. पंधरा दिवसांत त्या लवेचे बोटभर केस होतात, झोअँथिड नावाच्या फुलांसारख्या मऊ प्रवाळांच्या बुडाशी शिरतात आणि त्यांची तोंडं एकेक करून मिटायला लागतात. मग दुकानांच्या चकरा सुरू होतात. एक म्हणतो गोगलगायी टाका, दुसरा जीएफओ म्हणजे फॉस्फेट धरणारे दाणे देतो, तिसरा गोळ्यांचं नाव चिठ्ठीवर लिहून देतो. पैसे नेमके कशावर घालवायचे, या पेचात जो कोणी असेल त्याच्यासाठी हे लिहितोय. माझी टाकी ठाण्यात आहे. काच आणि सम्प (खालची फिल्टरची टाकी) मिळून १६० लिटर पाणी, क्लाउनफिशची जोडी, एक लॉनमोअर ब्लेनी, झोअँथिड, मश्रूम आणि लेदर कोरल. यातले बहुतेक उपाय मी स्वतः करून पाहिले आहेत.

मऊ प्रवाळच का, तेही सांगतो. भारतात सगळे कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत, त्यामुळे समुद्रातून उचललेला प्रवाळाचा खडकही नको. आपल्या टाक्या उभ्या राहतात त्या कोरड्या किंवा बनवलेल्या खडकावर, आणि शेवाळाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. कोरड्या खडकावर कुणाचीच वस्ती नसते. मोकळ्या जागेवर जो आधी पोचेल त्याची ती जागा, आणि शेवाळाइतकं चटकन कुणीच पोचत नाही. शिवाय काही खडकांत मुरलेलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खतच, महिनोन्महिने पाण्यात पाझरत राहतं.

आधी समोर काय आहे ते बघा

चुकीच्या शत्रूवर योग्य औषध घातल्यानं जितक्या टाक्या बिघडतात, तितक्या शेवाळानंही बिघडत नाहीत. नव्या टाकीत वाळूवर तपकिरी भुकटी पसरते ते डायटम. त्यांना सिलिकेट लागतं, ते संपलं की बहुतेक वेळा आपोआप जातात. लालसर-जांभळी साय, जी सायफनच्या नळीनं चादरीसारखी उचलली जाते, ती सायनो. ते शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत. हिरवे साधे केस म्हणजे हेअर अल्गी. केसाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखी पाती फुटलेली दिसली तर तो ब्रायोप्सिस. त्यासाठी एक तुकडा पांढऱ्या बशीत घेऊन भिंगाखाली बघा. आणि हिरवे काचेचे मणी दिसतात ते व्हॅलोनिया, म्हणजे बबल अल्गी.

सगळ्यात फसवे ते डायनोफ्लॅजेलेट. तपकिरी, शेंबडासारखे तंतू, टोकाला हवेचा बुडबुडा, दुपारी भरगच्च आणि सकाळी दिवे लागण्याआधी जवळजवळ गायब. डायटम की डायनो अशी शंका आली तर थोडा चिकटा नळीनं बाटलीत ओढून घ्या, पार विरघळेपर्यंत जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा तंतू जमले तर डायनो समजा. हे ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण हेअर अल्गी वाढते ती अन्न जास्त झाल्यामुळे, आणि डायनो बहुतेक वेळा पसरतात ते हेच अन्न, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, शून्याला टेकल्यावर. एकाचा उपाय म्हणजे दुसऱ्याला आमंत्रण.

पाण्याचा प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका

स्वयंपाकघरातल्या प्यूरिफायरचं पाणी टाकीला चालत नाही. त्यातल्या बहुतेक यंत्रांत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं मूळ पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी मिसळतं, तेव्हा घरच्या आरओचं मीटर सहज ६०, म्हणजे लिटरला ६० मिलिग्रॅम क्षार, दाखवतं. पंख्यानं टाकी थंड ठेवायची म्हणजे रोज ४ लिटर पाणी उडतं. महिन्याला १२० लिटर पाणी आपण वरून घालतो आणि त्यातून ७ ग्रॅमच्या वर क्षार आत जातात. उडून जातं ते फक्त पाणी, बाकी सगळं टाकीतच राहतं. त्या क्षारांत सिलिकेट किती, फॉस्फेट किती, हे मीटर सांगत नाही. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरणाऱ्या दाण्यांचा) नळकांडा जोडून मीटरवर शून्य येईपर्यंत बाकी उपायांवर एक रुपयाही घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रसद तोडायची, पण कशानं?

खरी निवड इथे आहे. शेवाळ मारता येतं, पण मेलेलं शेवाळ कुजून त्याचंच खत होतं. म्हणून त्याची रसद, म्हणजे पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट, तोडायची. त्यासाठी घरगुती टाकीत तीन मार्ग खरोखर चालतात: रेफ्युजियम, टर्फ स्क्रबर आणि जीएफओ.

रेफ्युजियम म्हणजे सम्पचा एक कप्पा वेगळा करून त्यात कीटोमॉर्फा ही गुंतवळासारखी शेवाळाची जात वाढवायची. नको असलेल्या शेवाळाच्या तोंडचा घास हवं असलेलं शेवाळ खातं. तिच्यावरचा दिवा रात्री लावायचा, वरची टाकी झोपलेली असताना, त्यामुळे रात्रीचा पीएचही फारसा उतरत नाही. दर पंधरवड्याला अर्धा गोळा काढून टाकायचा. तो काढताना मी आधी त्याच पाण्यात हलकेच झटकतो. तांदळाच्या कणीएवढे अँफिपॉड शंभरानं खाली पडतात आणि कोपऱ्यात पळतात. हे जित्राब माशांचं खाद्य आणि खडकांचे झाडूवालेही. बाटलीतून विकत घेतलेल्या कुठल्याही द्रवानं ही वस्ती उभी राहत नाही. दोष दोन आहेत. जागा लागते, आणि परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात. शिवाय नायट्रेट किंवा फॉस्फेट शून्यावर गेलं की कीटोमॉर्फा स्वतःच पांढरी पडून विरघळते. कोकणातल्या खडकांवर उल्वा (हेही शेवाळच) भरपूर दिसते, ती आणून टाकायचा मोह होतो. टाकू नका. तिच्यासोबत काय काय येईल ते निवडून काढता येत नाही.

टर्फ स्क्रबर ही कल्पना स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांची, १९८० च्या आसपासची. खरखरीत जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा वाहू द्यायचा, दोन्ही बाजूंनी झगझगीत दिवा लावायचा आणि शेवाळ तिथेच उगवू द्यायचं. शौकीन लोकांचा एक ठोकताळा आहे: रोज गोठवलेल्या खाद्याचा एक क्यूब घालत असाल तर दोन्हीकडून उजेड पडणारी १२ चौरस इंच जाळी पुरते, आणि जाळीच्या रुंदीच्या दर इंचाला तासाला सुमारे १३० लिटर प्रवाह हवा. पाण्याच्या आकारावर नाही, खाद्यावर मोजायचं, हे मला पटतं. शेवाळाला टाकी किती लिटरची आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. जागेच्या मानानं स्क्रबर रेफ्युजियमपेक्षा जास्त ओढतो. पण जाळीवर शेवाळ धरायला महिना-दीड महिना लागतो, दर आठ-दहा दिवसांनी ती खरवडावी लागते, आणि तुषारांनी आजूबाजूला मिठाची पुटं चढतात. दोन बेडरूमच्या घरात हॉलमध्ये टाकी असेल तर पाण्याची खळखळही मोजून घ्या. गावाला गेल्यावर तो खरवडायला कोण येणार, हे आधी ठरवा. थर जाड झाला की आतलं शेवाळ उजेडाविना मरतं, सुटतं आणि टाकीभर होतं.

जीएफओ म्हणजे ग्रॅन्युलर फेरिक ऑक्साइड, गंजाच्या रंगाचे दाणे. रिअॅक्टरमध्ये (पाणी फिरवत ठेवणाऱ्या नळकांड्यात) किंवा जाळीच्या पिशवीत ठेवले की फॉस्फेट त्यांना चिकटून बसतं. नायट्रेटला ते हात लावत नाहीत. वेगात त्यांना तोड नाही, आणि तोच त्यांचा धोका. मी पहिल्यांदा पाकिटावर लिहिलेली पूर्ण मात्रा एकदम भरली. फॉस्फेट ०.२४ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) वरून नऊ दिवसांत ०.०२ वर आलं, त्याचा मला आनंदही झाला. पुढच्या आठवड्यात झोअँथिड मिटले, आणि त्यानंतर वाळूवर ते बुडबुड्यांचे तपकिरी तंतू आले. डायनो. मग उलटा प्रवास: जीएफओ काढलं, पाणी बदलणं थांबवलं, नायट्रेट आणि फॉस्फेट मुद्दाम वरून घातलं, तीन दिवस टाकी चादरीनं झाकून अंधारात ठेवली, पाणी यूव्ही दिव्यावरून फिरवलं. अडीच महिने गेले आणि दोन वसाहती कायमच्या गेल्या. जीएफओ वाईट नाही, पण पाव मात्रेनं सुरुवात करा आणि दर तिसऱ्या दिवशी मोजा. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएमच्या दरम्यान राहिलं की मऊ प्रवाळ खूश असतात. त्याखाली ओढण्यात काही मिळत नाही.

मोजताना आणखी एक. शेवाळ भरपूर असताना टेस्ट किट शून्य दाखवू शकतं, कारण पाण्यातलं सगळं शेवाळानंच खाल्लेलं असतं. तेव्हा आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. हॅना कंपनीचा फॉस्फरस मोजायचा चेकर (छोटं डिजिटल मीटर) वापरत असाल तर त्याचा पीपीबीतला (पीपीएमच्या हजाराव्या भागातला) आकडा ३.०६६ नं गुणून हजारानं भागा. २० दिसलं म्हणजे फॉस्फेट सुमारे ०.०६.

व्हिनेगर किंवा व्होडका घालून जिवाणू वाढवायचा चौथा मार्गही आहे. तो नायट्रेट चांगलं उतरवतो, फॉस्फेट कमी. त्याला दमदार स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) लागतो आणि मात्रा चुकली तर पाणी दुधाळ होऊन ऑक्सिजन घसरतो. पहिल्या टाकीसाठी मी तो सुचवणार नाही.

हात आणि गोगलगायी

गोगलगायी टाकल्या की शेवाळ जातं, हा समज अर्धा खरा आहे. त्या कोवळी लव खातात. बोटभर केसांकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणजे आधी आपण उपटायचं आणि मग ती जागा त्यांनी राखायची. अॅस्ट्रिया जातीची गोगलगाय उलटी पडली तर तिला सरळ होता येत नाही, तशीच मरते. रोज नजर टाकावी लागते. टर्बो जोरकस आहे, पण न चिकटवलेले फ्रॅग (प्रवाळाचे छोटे तुकडे) पाडत फिरते. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या दोन जाती वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा दुकानात 'ट्रोकस' म्हणून देतात ती कुठली जात, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. माझ्या १६० लिटरला बारा पुरल्या. पन्नास घेतल्या तर शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि मेलेल्या गोगलगायींचं पुन्हा फॉस्फेटच होतं.

उपटायचं कसं? पंप बंद करा. एका हातात सायफनची बारीक नळी, दुसऱ्या हातात दात घासायचा जुना ब्रश. केस बोटाभोवती गुंडाळून मुळाशी ओढायचे आणि निघालेला प्रत्येक धागा नळीच्या तोंडाशी धरायचा. पाण्यात मोकळा सुटलेला तुकडा नवीन जागी रुजतो. बबल अल्गीचे मणी फोडू नका, नखानं अख्खे उचलून नळीत जाऊ द्या. हातमोजे आणि चष्मा घालाच. झोअँथिड आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, ते अतिशय तीव्र विष आहे. असा खडक उकळत्या पाण्यात टाकणं तर कधीच नको. त्या वाफेनं घरातली माणसं आजारी पडू शकतात.

औषधं

फ्लुकोनॅझोल हे माणसांचं बुरशीवरचं औषध. ब्रायोप्सिस आणि काही हेअर अल्गींवर ते लागू पडतं, सायनो आणि डायनोवर नाही. प्रचलित मात्रा लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या टाकीला ८०० मिलिग्रॅम. फिल्टरमधला कार्बन काढायचा, दोन-तीन आठवडे पाणी बदलायचं नाही, कीटोमॉर्फा वेगळी ठेवायची. दहा-बारा दिवसांत ब्रायोप्सिस फिका पडतो. ब्रायोप्सिस नक्की असेल तर मी हे करीन, कारण रसद तोडूनही तो चिवटपणे टिकतो. साध्या हेअर अल्गीसाठी नाही करणार: पाण्यातलं अन्न तसंच राहतं आणि सहा महिन्यांनी आपण तिथेच असतो.

सायनोवर अँटिबायोटिक घालणारे आहेत. मी त्याच्या विरोधात आहे. आपली सगळी जैविक गाळणी जिवाणूंच्या जिवावर चालते, आणि ते पाणी शेवटी गटारातच जातं. सायनोसाठी चादर ओढून काढा, वेव्हमेकरचं (पाणी ढवळणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, खाद्य कमी करा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपयोग एवढाच: खडक बाहेर काढून ३ टक्क्यांचे थेंब नेमके शेवाळावर सोडायचे, मिनिटभरानं खाऱ्या पाण्यात धुऊन परत ठेवायचा. क्लीनर श्रिंप (कोळंबी) असेल तर टाकीत थेट ओतू नका.

माझी निवड

सम्प असेल आणि तीन महिने थांबायची तयारी असेल, तर हातानं उपटणं, बारा गोगलगायी आणि रेफ्युजियम. जागा कमी आणि मासे जास्त असतील तर स्क्रबर, पण दर आठवड्याला अर्धा तास देता येणार असेल तरच. सम्पच नसलेल्या छोट्या टाकीला जाळीच्या पिशवीतलं पाव मात्रेचं जीएफओ आणि आठवड्याला १० टक्के पाणी बदल. फॉस्फेट ०.३ च्या वर अडकलं असेल तर रेफ्युजियम असूनही दोन महिन्यांपुरतं जीएफओ लावा आणि ०.१ ला पोचलं की काढा. पांढरे-लाल दिवे कमी करून निळ्यावर आठ तास, हे कुठल्याही मार्गासोबत चालतं आणि फुकट आहे.

एक वही ठेवा. त्यात आकड्यांसोबत काच पुसायची तारीख लिहा. सुरुवातीला माझी काच दोन दिवसांत हिरवी व्हायची. रेफ्युजियम लावल्यावर सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा पाचव्या दिवशी पुसावी लागली, तेव्हा चेकरवरचा आकडा अजून जागचा हललाही नव्हता.